जातील तिथल्या होणाऱ्या हलिमाआपा

हलिमाआपा परकार यांना मी प्रथम पाहिले ते गाडीच्या मागच्या सीटवर, मांडीवर जेवणाचा डबा घेऊन बसलेल्या. मी सांगलीहून दुबईत नुकतीच आले होते. रुग्णालयांना तात्पुरत्या परिचारिका पुरवणाऱ्या एका कंपनीत मला नोकरी लागली होती. कंपनीने डिस्कव्हरी गार्डन्समधल्या एका फ्लॅटमध्ये इतर मुलींबरोबर माझी राहण्याची सोय केली होती. पहिली नेमणूक निघाली ती अल ऐनच्या एका रुग्णालयात. त्याच रुग्णालयात आपाही निघाल्या होत्या, म्हणून कंपनीच्या गाडीने आम्हा दोघींना सकाळी उचलले.

शहर मागे पडून वाळूच्या टेकड्या सुरू झाल्या तसे माझे बोलणे वाढत गेले. घाबरले की मी जास्त बोलते. सांगलीतल्या अतिदक्षता विभागात मी किती वर्षे काढली, आमच्याकडे शिफ्ट कशी सोपवतात, आमच्याकडे डॉक्टर परिचारिकांचे कसे ऐकतात, असे माझे चालूच होते. आपा शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी डबा उघडला आणि तांदळाची भाकरी व जवळ्याची चटणी माझ्या हातावर ठेवली. मी खायला लागले, म्हणजे गप्प झाले, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुला काम येतं हे कळलं मला. आता एक कर. थोडे दिवस 'आमच्याकडे' हा शब्द तोंडातून काढू नकोस."

मला ते लागले. अनोळखी बाईंनी पहिल्याच भेटीत असे सांगावे हे आवडले नाही. पण भाकरी हातात होती, त्यामुळे उत्तर देता आले नाही. नंतर ज्या ज्या वॉर्डात गेले तिथे या वाक्याने मला किती सांभाळून घेतले, ते सांगण्यासाठीच आज लिहायला बसले आहे.

आपांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांचे आयुष्य इतरांनी सविस्तर लिहिले असेल. मी त्यातले थोडेच सांगते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावात त्यांचा जन्म झाला. वडील मालवाहू जहाजावर खलाशी होते. घरातले पुरुष समुद्रावर आणि बायका त्यांची वाट बघत घरात, हीच गावातल्या बहुतेक घरांची रीत होती. आपा नर्सिंगच्या शिक्षणासाठी गावाबाहेर पडल्या तेव्हा त्यांच्या आईंना फार काळजी वाटली होती. वडिलांनी मात्र, मी बंदरे पाहिली तशी हिलाही पाहू दे, एवढेच म्हणून विषय संपवला. लग्न झाले, मुलगी झाली आणि सना तीन वर्षांची असताना आपांचे पती आजारपणात गेले. घर चालवायचे म्हणून आपा आखातात आल्या. मुलीला त्यांच्या मोठ्या बहिणीने, सकिनाआपांनी, गावी सांभाळले.

इथे आल्यावर कायम नोकरी मिळत असतानाही आपांनी फिरती नोकरी का धरली, याबद्दल अनेकांना कुतूहल असते. त्याचे पहिले कारण सना होती. कायम नोकरीत वर्षाकाठी एकदा सुट्टी मिळे, आणि तीही रुग्णालयाच्या सोयीने. तात्पुरत्या नेमणुकीचे तसे नसते. एक नेमणूक संपली की दुसरी घेण्याआधी मध्ये मोकळा काळ ठेवता येतो. शाळा सुरू होताना आणि परीक्षेच्या वेळी मुलीजवळ असता यावे, असा हिशेब करून आपा नेमणुका घेत. कधी दुबईच्या बालरोग विभागात, कधी फुजैराच्या डोंगरातल्या छोट्या दवाखान्यात, कधी पश्चिमेकडच्या तेलक्षेत्रावरच्या प्रथमोपचार केंद्रात, कधी एखाद्या घरी रुग्णाची देखभाल करायला. रजेवर गेलेल्या, आजारी पडलेल्या, नोकरी सोडून गेलेल्या कोणाच्या तरी जागी त्या उभ्या राहत आणि काम संपले की बॅग उचलत.

अशा परिचारिकेकडे वॉर्डातली मंडळी जरा संशयाने पाहतात. चार दिवसांची पाहुणी, हिला काय सांगायचे, असा भाव असतो. अल ऐनला पहिल्या दिवशी आपा कशा वावरतात हे मी मुद्दाम पाहिले. आत गेल्यावर त्यांनी आधी आणीबाणीच्या औषधांची ट्रॉली कुठे असते ते पाहिले आणि ती उघडून एकेक कप्पा स्वतःच्या हाताने तपासला. मग वॉर्डाची साफसफाई करणाऱ्या बाईंना नाव विचारले. मग मुख्य सिस्टरांकडे जाऊन, कोणालाच नको असलेली ड्युटी असेल ती मला द्या, असे सांगितले. सिस्टर केरळच्या होत्या आणि त्यांची शिस्त कडक होती. त्यांनी खरोखरच सगळ्यांत कंटाळवाणी ड्युटी आपांना दिली. आठवडाभरात त्याच सिस्टर दुपारच्या चहाला आपांना हाक मारू लागल्या. मी पुढे आपांना म्हटले, तुम्ही माणसे छान जिंकता. त्यांना तो शब्द आवडला नाही. "जिंकायचं कशाला? ते लोक आधीपासून तिथे आहेत. आपण त्यांच्या घरात आलोय," असे त्या म्हणाल्या.

अल ऐनच्याच दुसऱ्या एका आठवणीचे आपांना आजही हसू येते. शहराच्या कडेला बाग असलेल्या एका मोठ्या घरात एका वृद्ध गृहस्थांच्या शुश्रूषेला त्यांना पाठवले होते. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर ते आजोबा चालण्याचा सराव करायला तयार नव्हते. आधीच्या परिचारिका त्यांनी परत पाठवल्या होत्या. आपांनी पहिल्याच दिवशी त्यांच्या मुलाला सांगून आंघोळीसाठी पुरुष मदतनीस ठेवायला लावला. आजोबांचा निम्मा राग त्यानेच गेला. तारुण्यात ते व्यापारासाठी मुंबईला जाऊन आले होते आणि त्या काळची हिंदी त्यांच्या तोंडी शिल्लक होती. आपांनी त्यांच्यासमोर सरावाचे नावच काढले नाही. बागेत खजुराची झाडे होती, त्यांची नावे मला शिकवा, असे म्हणाल्या. आजोबा काठी टेकत उठले. पहिल्या झाडापाशी पोहोचून ते म्हणाले, "खलास." आपांना वाटले, दमले, आता पुरे म्हणतात. त्या लगेच त्यांना धरून माघारी वळवू लागल्या, तर आजोबा रागावून काठीने झाडाकडे दाखवू लागले. खलास हे त्या खजुराच्याच जातीचे नाव होते. आपली चूक कळल्यावर आपा हसल्या, आजोबाही हसले, आणि दुसऱ्या दिवशी ते पुढच्या झाडापर्यंत चालले. आपा तिथून निघाल्या तेव्हा आजोबा बागेच्या शेवटच्या ओळीपर्यंत जाऊ लागले होते. त्या घरून दर हंगामात आपांकडे खजूर येतो आणि आमच्यापैकी अनेकींनी तो खाल्ला आहे.

पण आपा मला खऱ्या अर्थाने कळल्या त्या भानुदासरावांच्या वेळी. हे त्यांचे खरे नाव नव्हे, पण ही हकिगत लिहायला त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने आनंदाने परवानगी दिली आहे.

भानुदासराव जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. इथे इमारतींच्या बांधकामावर सेंट्रिंगचे सुतारकाम करत. परांचीवरून पडून त्यांच्या कण्याला मार बसला. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, पण कमरेखालची शक्ती गेली. दुबईच्या रुग्णालयात दीर्घ उपचार झाल्यावर त्यांना मायदेशी पोहोचवायचे ठरले. विमानात स्ट्रेचरवरून जाणाऱ्या रुग्णाबरोबर परिचारिका लागते. ते काम आमच्या कंपनीकडे आले. आपांना अशा प्रवासांचा अनुभव होता, म्हणून त्या प्रमुख होत्या, आणि मी पहिल्यांदाच त्यांच्या हाताखाली जाणार होते.

प्रवासाआधी रुग्णाची ओळख व्हावी म्हणून आम्ही दोघी रुग्णालयात त्यांना भेटायला गेलो. मराठी ऐकून त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. पण आपांनी प्रवासाविषयी बोलायला सुरुवात करताच त्यांनी मान भिंतीकडे वळवली. बऱ्याच वेळाने कारण कळले. पायाचे हाड मोडले आहे, प्लास्टर आहे, असे त्यांनी घरी सांगितले होते. त्यांच्या पत्नी सुमनबाई गावात सगळ्यांना, दिवाळीला चालत येतील, असे सांगत होत्या.

"सिस्टर, एक काम करा," ते आपांना म्हणाले. "तिथं गेल्यावर तुम्हीच सांगा, की सहा महिन्यांत चालायला लागतील म्हणून. तुमचं ऐकतील सगळे. पुढचं पुढं मी बघून घेईन."

आपा खुर्ची ओढून त्यांच्या तोंडासमोर बसल्या.

"ते मी सांगणार नाही, भाऊ," त्या म्हणाल्या. "आणि तुमच्याआधी खरंही सांगणार नाही. ते तुमच्या तोंडून कळायला हवं त्यांना."

"माझ्यानं नाही होणार."

"आज नाही होणार. मी उद्या येते."

बाहेर आल्यावर आपांनी कंपनीच्या कार्यालयात फोन लावला आणि प्रवास पुढे ढकलायला सांगितले. कार्यालयातले समन्वयक वैतागले. विमानातली स्ट्रेचरची जागा मिळवणे सोपे नसते, आणि डॉक्टरांनी रुग्णाला प्रवासाची परवानगी दिलेली होती. पेशंट फिट आहे, सिस्टर, मग अडचण काय, असे ते पुन्हा पुन्हा विचारत होते. आपांचे हिंदी उत्तर मी शेजारी उभी राहून ऐकले. पेशंट विमानात चढवण्याइतका फिट आहे, पण त्याला उतरवून घ्यायला त्याचे घर अजून फिट नाही, असे त्या म्हणाल्या. दुसऱ्या परिचारिकेला पाठवू का, असे समन्वयकांनी विचारले. त्या प्रश्नाचा अर्थ आम्हा दोघींना कळत होता. आपांचे कंत्राट त्याच महिन्यात संपत होते आणि पुढचे द्यायचे की नाही हे त्याच कार्यालयाच्या हातात होते. "पाठवा," आपा म्हणाल्या, "पण तिला हे सगळं समजावून पाठवा." शेवटी समन्वयकांनी कुरकुरत का होईना, पुढच्या आठवड्याची जागा मिळवली.

आपा रोज ड्युटी संपल्यावर रुग्णालयात जात. आग्रह करत नसत. गावाविषयी, मुलांविषयी, सुतारकामाविषयी बोलत. घराला उंबरा किती उंच आहे, दार केवढे आहे, न्हाणीघर आत आहे की बाहेर, असे मधूनच विचारत. मला वाटते, त्या प्रश्नांनीच भानुदासरावांना धीर आला. आपण त्या घरात पुन्हा राहणार आहोत हे त्यांना प्रथमच दिसू लागले असावे. एका संध्याकाळी त्यांनी स्वतःहून फोन मागितला. ते झोपूनच होते म्हणून फोन मी धरला. पडद्यावर सुमनबाई होत्या. भानुदासरावांनी खरे काय ते सांगितले. फार थोड्या शब्दांत सांगितले.

सुमनबाई रडल्या नाहीत. त्या चिडल्या. "इतके दिवस मी बायांना सांगत फिरले, चालत येनार म्हणून. आता मी त्यांना काय तोंड दाखवू?" एवढे बोलून त्यांनी फोन बंद केला.

भानुदासरावांनी डोळे मिटून घेतले. मला आपांचा राग आला. ज्याच्याजवळ काही उरले नव्हते त्याच्याकडून आपण घरचा आधारही काढून घेतला, असे मला वाटत होते. आपांनाही ते वाटत असावे. परतताना मेट्रोतून त्यांच्या घराजवळ, अल बर्शाला, उतरताना त्या म्हणाल्या, "मी चुकले असेन. पण घरी नेल्यावर, सगळं गाव जमलेलं असताना, त्या बाईला हे कळलं असतं तर जास्त वाईट झालं असतं."

दुसऱ्या दिवशी सुमनबाईंचाच फोन आला. भानुदासरावांना नव्हे, आपांना. आवाज बसलेला होता. त्यांनी कुठलीही प्रस्तावना न करता विचारले, "सिस्टर, खाट कोनत्या अंगाला ठेवायची?"

त्या दिवसापासून आपा आणि सुमनबाई यांचे रोज बोलणे होऊ लागले. उंबरा काढला गेला. दिरांनी दार रुंद केले. उजेड आणि वारा येईल अशा भिंतीला खाट लागली, हवेची गादी जालन्याहून आली. आपांच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरांना सगळी माहिती दिली. आम्ही भानुदासरावांना घेऊन विमानाने मुंबईला आणि तिथून रुग्णवाहिकेने गावी पोहोचलो, तेव्हा ते घर त्यांची वाट पाहत होते.

गाव जमलेच होते. आपांनी सगळ्यांना नमस्कार केला, थोडा वेळ बसू दिले आणि मग, आता त्यांना विश्रांती हवी, असे म्हणून खोली रिकामी केली. आत राहिल्या त्या सुमनबाई आणि आम्ही दोघी. जखमा होऊ नयेत म्हणून अशा रुग्णाला ठरावीक वेळाने कुशीवर वळवावे लागते. आपांनी ते एकदा करून दाखवले आणि मग खाटेपासून दूर जाऊन हात पाठीमागे घेतले. सुमनबाई भीत भीत पुढे झाल्या. पहिल्यांदा त्यांना जमले नाही. माझे हात आपोआप मदतीला गेले, पण आपांनी नजरेने मला थांबवले. दुसऱ्या खेपेला त्यांनी पतीला कुशीवर वळवले, पाठीमागे उशी लावली आणि त्या तिथेच खाटेच्या कडेवर बसल्या. फोनवरच्या त्या बोलण्यानंतर नवराबायको प्रथमच एकमेकांच्या इतक्या जवळ होते. "लई वाळलात," त्या म्हणाल्या. आम्ही दोघी बाहेर ओट्यावर येऊन बसलो.

त्याच संध्याकाळी परत फिरावे अशी कंपनीची अपेक्षा होती. आपांनी स्वतःच्या सुट्टीतले दिवस घेऊन मुक्काम वाढवला आणि मलाही ठेवून घेतले. लघवीच्या नळीची स्वच्छता, जखमेची पहिली खूण कशी ओळखायची, ताप आला तर कोणाला बोलवायचे, हे सगळे त्यांनी सुमनबाईंकडून पुन्हा पुन्हा करून घेतले. निघायच्या दिवशी सुमनबाईंनी आपांना बाजूला नेऊन विचारले, "हे बरे होतील का, खरं सांगा."

"पाय परत येतील असं मी म्हणणार नाही, बाई," आपा म्हणाल्या. "पण हात चांगले आहेत. ते रिकामे राहू देऊ नका."

आज भानुदासराव चाकाच्या खुर्चीत बसून, बुटक्या टेबलावर पाट आणि चौरंग बनवतात. त्यांना लग्नसराईत कामातून उसंत नसते. आसपासच्या गावांत कोणाच्या घरी असा रुग्ण आला की आता सुमनबाईंना बोलावणे येते. त्या जातात, करून दाखवतात आणि मग घरच्यांना करायला लावतात.

आपांचे पुढचे कंत्राट कंपनीने रोखून धरले होते, हे मला उशिरा समजले. काही काळ त्यांना काम नव्हते. त्या गावी जाऊन राहिल्या. त्याबद्दल त्या तक्रारीने कधी बोलल्या नाहीत. पुढे त्याच समन्वयकांनी, घरी पोहोचवायच्या रुग्णांच्या कुटुंबाशी परिचारिकेने आधी बोलून घ्यावे, असा कंपनीत नियमच केला. आपा त्यांचे नाव आजही आदराने घेतात.

अशा लेखात फक्त चांगले लिहायची पद्धत आहे. पण आपांच्या बाबतीत ते पुरेसे होणार नाही. या लेखाच्या निमित्ताने मी सनाशी बोलले. ती आता रत्नागिरीत शिक्षिका आहे आणि एका मुलीची आई आहे. ती म्हणाली, "मावशी, आईचं कौतुक करा, करायलाच हवं. पण ती माझ्या वाट्याला कमी आली, हेही लिहा." परीक्षेला आई यायची, पण तिची सवय होईपर्यंत जायची वेळ व्हायची, असे सनाने सांगितले. सनाची दहावी झाल्यावर आपांनी अल ऐनला कायम नोकरी घेतली होती, घर केले होते आणि मुलीला आणले होते. ती दोन वर्षे मायलेकी एकत्र राहिल्या. मराठीत विचारले तरी सना इंग्रजीतून उत्तर देऊ लागली म्हणून आपा चिडायच्या, आणि सना, माझ्याशी तू पेशंटशी बोलतेस तशी बोलतेस, म्हणून चिडायची. ती भांडणे आठवून सना फोनवर हसली. "पण भांडायला आई होती ना घरात," ती म्हणाली.

सना महाविद्यालयासाठी भारतात परतली आणि आपांनी ती कायम नोकरी सोडून पुन्हा फिरती नेमणूक घेतली. अनेकांनी वेड्यात काढले. मी एकदा कारण विचारले होते. त्यांनी विचार करून सांगितले, "तिथे माझी गरज कमी आणि सवय जास्त झाली होती. नव्या जागी गेलं की मी जास्त नीट बघते."

हा मजकूर छापायला देण्याआधी मी आपांना वाचून दाखवला. सनाचे बोलणे आले तेव्हा मी थांबले आणि म्हटले, हवे तर एवढे गाळते. त्या म्हणाल्या, "ते राहू दे. तिने खरं सांगितलंय." मग उठून त्यांनी आमच्या दोघींसाठी चहा ठेवला आणि पाणी उकळेपर्यंत माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

नव्याने येणाऱ्या मुलींसाठी आपांचे अल बर्शातले छोटे घर कसे उघडे असते, हे या ग्रंथात कितीतरी जणी लिहितील. परवान्याची परीक्षा, भाषेची भीती, घरची आठवण, लग्नाचे प्रश्न, सगळे तिथे येते. मी तिथे अनेकींना रडत येताना आणि जेवून जाताना पाहिले आहे. आपा कोणाला, फिरती नोकरीच कर, असे सांगत नाहीत. जिला एका जागी रुजायचे आहे तिला त्या कायम नोकरीचा अर्ज भरून देतात. जिला फिरायचे आहे तिला मात्र दोन गोष्टी बजावतात. निघताना वॉर्ड, आपण आलो तेव्हा होता त्याहून थोडा बरा असावा, आणि आपल्या घरच्यांना आपण कधी येणार हे खरे सांगावे. दुसरी गोष्ट सांगताना त्यांचा आवाज जरा खाली येतो.

मी स्वतः आता अल ऐनच्या एका रुग्णालयात कायमची आहे आणि माझ्या वॉर्डात तात्पुरत्या परिचारिका येत असतात. त्या पहिल्या दिवशी फार बोलल्या तर मी त्यांना आधी काहीतरी खायला देते.

साठी झाली म्हणजे आपा आता थांबतील, असे आम्ही गृहीत धरले होते. सत्काराची तारीख ठरवायला फोन केला तेव्हा कळले, की त्यांनी खोर फक्कानच्या एका रुग्णालयात नेमणूक स्वीकारली आहे. तिथल्या एक सिस्टर बाळंतपणाच्या रजेवर निघाल्या आहेत. समुद्राकाठी जागा मिळाली आहे, पहाटे कोळ्यांच्या होड्या दिसतात, असे आपा खुशीत सांगत होत्या. तिथे किती दिवस राहणार, असे मी विचारले. "जिची जागा आहे ती परत येईपर्यंत," त्या म्हणाल्या. मग सत्काराचा दिवस त्यांच्या साप्ताहिक सुट्टीला जोडून ठरवला.

आपा, तुम्हाला भरपूर आयुष्य मिळो, आणि ते चालत्याफिरत्या पायांनी मिळो. तुमच्या दुखऱ्या गुडघ्याने तुमचे ऐकावे. नेमणुकांच्या मधले दिवस आणखी लांबावेत आणि ते सनाच्या घरी, नातीबरोबर भांडण्यात जावेत. तुम्ही जिथे जाल तिथे कोणीतरी तुमचे नाव विचारणारे असावे. आणि पुढे कधी तुम्हालाच कोणाच्या हाताची गरज पडली, तर कंपनीला फोन करू नका. ती ड्युटी आमची.